भाकरीचा हिशेब

दौलताबादच्या आमच्या वहिनींना मधुमेह आहे. लेकाने हौसेने मोबाईलमध्ये आहार मोजण्याचे ॲप घालून दिले. त्यात १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठापुढे लिहिले होते १४०० कॅलरी! वहिनींनी घाबरून भाकरी सोडली, गोळी मात्र चालूच. दुपारी शेतात घेरी येऊन पडल्या.

चूक कशी झाली असेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तोच आकडा कोणी कॅलरी म्हणून चढवला, की घोळ झालाच. ४.२ ने भागा, ३३३ येतात.

भगिनींनो, पडताळा सोपा आहे. प्रथिने व कर्बोदके यांचे ग्रॅम ४ ने, स्निग्धांशाचे ९ ने गुणा आणि बेरीज करा. निव्वळ तेलसुद्धा १०० ग्रॅमला ९०० च्या पुढे जात नाही. मग ज्वारी कशी जाईल?

आणखी एक. वजन पिठाचे करा, भाकरीचे नको; भाकरीत पाणी असते.

मोबाईलमधला आकडाही माणसानेच भरलेला असतो. तो तपासा. आणि गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातली भाकरी कमी करू नका.