ओळख की परीक्षा?



धाकट्या सुनेला नवी नोकरी लागली. पहिल्याच दिवशी ऑफिसात ओळखीचा खेळ झाला. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं. ती म्हणाली, "मी बटाटा खात नाही." सगळ्यांनी तीच खोटी ठरवली! मग दिवसभर "अगं, वडापावसुद्धा नाही?" संध्याकाळी कोनला घरी आली ती गप्पच.

खेळाला माझा विरोध नाही. परक्या जागी कुणी आपणहून बोललं की किती धीर येतो, हे सासरी आलेल्या आपल्याला माहीत आहे. आपला उखाणाही लाजऱ्या नवरीला बोलतं करायची युक्तीच. पण त्यात काय सांगायचं ते तीच ठरवते.

तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या पाच भावना आहेत. त्यांत क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितलाय. खेळातलं खोटं फसवणूक नव्हे, मान्य. पण कुणाच्या खऱ्या नेमाचं हसं होणं मला खटकतं.

त्यापेक्षा दोघादोघांनी पाच मिनिटं बोलावं आणि एकमेकांची ओळख सगळ्यांना करून द्यावी. ज्याला एखादं उत्तर द्यायचं नसेल त्याला "नको" म्हणता यावं.

दुसऱ्या दिवशी तिला डब्यात कच्च्या केळ्याचे वडे दिले. डबा रिकामा आला, आणि दोघींनी कृती विचारली!

तुमच्या लेकी-सुनांचा अनुभव काय? जरूर कळवा.