कोरी जागा म्हणजे आजार नव्हे

आर्ट थेरपी शिकणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न येतोच : तुमची सैद्धांतिक भूमिका कोणती? मी ‘मनोविश्लेषण’ असं लिहून मोकळी झाले. मार्कही मिळाले.

मग प्रत्यक्ष कामासाठी एका केंद्रात गेले. तिथं एका खालांना घर, झाड आणि माणूस काढायला सांगितलं. जॉन बक यांनी १९४८ साली अमेरिकेत मांडलेली ही चाचणी. खालांनी घर काढलं, झाड काढलं, माणसाची जागा कोरी ठेवली. फाइलीत शेरा पडला : ‘नातेसंबंध टाळते.’ बक यांच्या पद्धतीतही चित्र झाल्यावर प्रश्न विचारायचे असतात. इथं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “हमारे में आदमी की तस्वीर नै निकालते, बेटा.”

माझ्या आजीच्या घरातही हीच रीत होती. तरी मला ते सुचलं नाही. सिद्धांत शिकायला जाताना मी माझं घर चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

मग मी त्यांच्यापुढे कापडाचे तुकडे आणि सुई-दोरा ठेवला. गोधडीचे टाके घालता घालता त्या वारलेल्या मुलाबद्दल बोलू लागल्या. ‘नातेसंबंध टाळणारी’ बाई तासभर एका नात्याबद्दलच बोलत होती.

पुस्तकं फेकून द्या, असं मी म्हणत नाही. नीट वाचा, असं म्हणते. मार्गारेट नॉमबर्ग चित्राला अबोध मनाची भाषा मानत, पण तिचा अर्थ रुग्णालाच विचारत. एडिथ क्रेमर यांच्या मते कलाकृती घडवण्यातच उपचार आहे. हे त्या कुठं शिकल्या? प्रागमध्ये निर्वासित मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांच्या हाताखाली. समोरची मुलं आधी, सिद्धांत नंतर.

आपल्या लोकांनाही दोन शब्द. चित्र म्हटलं की ‘हराम’ म्हणून दार लावून घेणाऱ्यांनी मेंदी, सुलेखन, जाळीची नक्षी, गोधडी यांकडे एकदा पाहावं. चेहरा न काढताही दुःख मांडता येतं. ते दार बंद केलंत, तर खालांसारख्यांना मदत मिळायची कुठून?

माझी भूमिका आता मी नव्यानं लिहिली आहे : आधी विचारीन, मग वाचीन. फाइलीतला शेरा मात्र अजून तसाच आहे. तो खोडला जाईपर्यंत मी गप्प बसणार नाही.