साधेपणाचा बुरखा

१८ व्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत लाकडी सामानाची जी नव-अभिजात धाटणी रूढ झाली, तिला ग्रीक-रोमन संयमाचें पुनरुज्जीवन म्हणण्याचा कलासमीक्षकांत प्रघात आहे. आम्हांस हें मान्य नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत डेव्हिड रोंटगेननें १७८० च्या सुमारास केलेलें खेळाचें टेबल आहे. त्याचीच साक्ष काढूं. बाहेरून पाहावें तों सरळ निमुळते पाय, महोगनीचा सपाट पृष्ठभाग; जणूं तपस्वीच! पण एकावर एक बसविलेल्या फळ्या उलगडूं लागल्या कीं एकीवर लेखनाची सोय, एकीवर पत्त्यांची, एकीवर बुद्धिबळाचा पट. आणि आंतला खटका सोडतांच बॅकगॅमनचा पट स्प्रिंगच्या जोरानें उसळून वर येतो.

कोणी म्हणेल, सरळ रेषा हीच संयमाची खूण. असेल, मग ती उसळणारी पेटी कशाची खूण?

आणखी एक गंमत. रोंटगेनचे वडील अब्राहम हे साधी राहणी शिकविणाऱ्या मोराव्हियन बंधुसंघाचे. त्या संघाच्या आश्रयानें त्यांनीं १७५० मध्यें ऱ्हाइनकाठच्या नॉयव्हीड येथें कारखाना थाटला. मुलाच्या हातीं तो आल्यावर त्याचें सामान १६ वा लुई आणि रशियाची कॅथरिन यांच्या राजवाड्यांत गेलें!

यांत कारागिराला आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या हिकमतीला आमची मनःपूर्वक दाद आहे. तिला रोमन सद्गुण म्हणण्याची मात्र आमची तयारी नाहीं.