लढाई संपली, झाडलोट कुणाकडे?

२०२३ साली ब्रिटनने युक्रेनला रणगाडे दिले, सोबत डिप्लिटेड युरेनियमचे गोळेही. पाठोपाठ त्याच वर्षी अमेरिकेनेही असे गोळे द्यायचं जाहीर केलं. कोण कुणाला भारी पडणार यावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा रंगल्या. माझ्या मनात आपला बायकी प्रश्न आला, नंतर हे निपटणार कोण?

अणुभट्टीसाठी कसदार युरेनियम काढून घेतलं की जो चोथा उरतो, तो हा. शिशापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट जड, त्यामुळे रणगाड्याचं पोलाद भेदून जातो. आदळला की पेट घेतो आणि त्याची बारीक पूड मातीवर बसते. किरणोत्सर्ग फार नाही, पण पूड श्वासातून किंवा पोटात गेली तर किडनीला धोका. नेमके किती आजार यामुळे झाले, यावर तज्ज्ञांचे अजूनही वाद आहेत. मात्र, मातीत खेळून तेच हात तोंडात घालणाऱ्या मुलांना धोका जास्त, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलंय. ते सांगायला आपल्याला संघटना कशाला हवी म्हणा!

माँटेनेग्रोमध्ये समुद्रकाठी केप आर्झा नावाचं एक भूशिर आहे. मे १९९९ मध्ये नाटोच्या विमानांनी त्यावर असा मारा केला. काम काही सेकंदांचं. मग तिथल्या सरकारने ती जागा साफ करायला घेतली. हातात किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र घेऊन माणसं वीत वीत जमीन तपासत होती, गोळ्यांचे तुकडे आणि दूषित माती वेगळी काढत होती. तांदूळ निवडावेत, तसं. एका माणसाचे धरले तर सुमारे ५ हजार दिवस लागले आणि २ लाख ८० हजार डॉलर. एवढ्याशा जागेला!

साफ केलं नाही तर? बोस्नियात १९९४-९५ मध्ये असाच मारा झाला होता. सात वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने पाहिलं, तर जमिनीत रुतलेले तुकडे गंजून पाव हिश्शाने झिजले होते. हाजिची गावात एका विहिरीच्या पाण्यात अंश सापडला. अगदी थोडा, पण पाणी पिण्याचं होतं.

पैसा आणि मर्जी असली की सगळं जमतं. कुवेतमधल्या अमेरिकी तळावरची ६,७०० टन दूषित वाळू २००८ मध्ये जहाजातून थेट अमेरिकेत, आयडाहोला नेऊन पुरली. शेजारच्या इराकच्या नशिबी ते नव्हतं. तिथे मोडके रणगाडे वर्षानुवर्षं पडून राहिले. त्यांवर पोरं खेळली, भंगारवाल्यांनी पत्रे कापून नेले.

बरं, साफ करायचं तर सांडलंय कुठे, ते आधी कळायला हवं ना? २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तेवढाच ठराव आला. ज्यांनी गोळे टाकले त्यांनी, त्या देशाने विचारलं तर, जागा सांगाव्यात. १४८ देश बाजूने उभे राहिले. विरोधात चारच. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल.