साबणाची वडी

गळणाऱ्या टाकीला साबण लावून वेळ मारून नेणाऱ्यांचा आपल्या देशात एक मोठा पक्ष आहे. चाळीस वर्षं मी त्याचा निष्ठावंत सभासद होतो. आज मी जाहीर राजीनामा देत आहे. आणि नुसता राजीनामा देऊन गप्प बसणार नाही; बाहेर पडून पक्षाला चार शिव्याही घालणार आहे. तशी रीतच आहे.

१९८४ साली माझ्या स्कूटरची टाकी गळू लागली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने धुण्याच्या साबणाची वडी मागवली, भेगेवर खसाखसा घासली आणि गळती थांबली! साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे ज्ञान मला शाळेने दिलं नव्हतं. ते त्याने दिलं. 'साहेब, तात्पुरतं आहे हां,' असंही तो म्हणाला. ते तात्पुरतं मी सहा वर्षं चालवलं. त्या काळात घरातल्या कपड्यांपेक्षा स्कूटरला साबण जास्त लागायचा, असं आमची ही अजून सांगते.

तर हे ज्ञान घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो. त्याने एक जुनी मोटरबोट घेतली आहे. रविवारी बायकोपोरांना घेऊन बार्नेगाटच्या खाडीत फिरायचं, हा बेत. तिकडे अशा बोटीचं इंजिन चालू करण्याआधी तळातली हवा बाहेर टाकणारा पंखा ४ मिनिटं चालवायचा आणि मग वाकून वास घ्यायचा, अशी शिस्त आहे. भाच्याने पंखा चालवला, वास घेतला आणि किल्ली खिशात टाकली.

"मामा, पेट्रोलचा वास येतोय."

"अरे, पेट्रोलच्या बोटीला काय केवड्याचा वास येणार?" मी म्हटलं. "टाकी गळत असेल. साबण आण."

त्याने साबण आणला नाही. बोटीची लाकडी जमीन कापून काढली. खाली ॲल्युमिनियमची टाकी होती, चहूबाजूंनी फोममध्ये गच्च बसवलेली. आता ॲल्युमिनियम गंजत नाही, अशी माझी समजूत. आमच्या घरातलं पातेलं माझ्या मुंजीपासूनचं आहे! पण या धातूला उघडी हवा लागते. हवेत त्याच्यावर एक पातळ कवच धरतं, तेच त्याला सांभाळतं. ओल्या फोमखाली खारं पाणी साचून राहिलं, की ते कवच तुटतं आणि धातूला बारीक खड्डे पडत जातात. वरून टाकी चकचकीत आणि बुडाला चाळण!

मी तरीही हटलो नाही. म्हटलं, भोकं बुजवू. इपॉक्सीची लांबी लावू. भाचा म्हणाला, "मामा, दिसतात ती बुजतील. उद्या आरपार जाणार आहेत, त्यांचं काय?" मग म्हटलं, वेल्डिंग करू, टाकी तर रिकामीच आहे! यावर वेल्डरने माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातला चहा खाली ठेवला. रिकामी म्हणजे पेट्रोल संपलेली. वाफ संपलेली नव्हे. हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली, की ठिणगीला तेवढं पुरतं. भरलेल्या टाकीत हवेलाच जागा नसते. म्हणून रिकामी टाकी जास्त वाईट.

आणि स्कूटरचं पेट्रोल रस्त्यावर पडून उडून तरी जातं. बोटीचं बूड म्हणजे परात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती जाणार कुठे? तळाशी बसते, बॅटरीच्या आणि इंजिनाच्या शेजारी, कोणीतरी किल्ली फिरवायची वाट बघत. आणि त्या जमिनीवर, लाइफ जॅकेटं घालून, माझी दोन नातवंडं बसणार होती. "साबण आण" म्हणणारा त्यांचा आजोबा मी!

तात्पुरत्याचं कौतुक करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आपण त्याला हुशारी म्हणतो. ती उधारी असते, आणि फेडायची वेळ आली की भलत्याच्या नावावर निघते. टाकी बदलायला खर्च फार येतो म्हणता? येतो. टाकीपेक्षा जमीन कापून पुन्हा बसवण्याचाच जास्त येतो. पण मोजता तरी येतो.

शेवटी काम जाणत्या माणसाकडे दिलं. त्याने आधी बॅटरी सोडवली, उरलेलं पेट्रोल बाहेर काढलं आणि जुनी टाकी उचलली. नवी टाकी फोममध्ये न पुरता, पाणी न शोषणाऱ्या पट्ट्यांवर बसवली, म्हणजे खाली पाणी साचू नये आणि हवा खेळावी. जुन्या नळ्याही सगळ्या बदलल्या. मग टाकीत हवा भरली, अगदी थोडी, मोटारीच्या टायरच्या दहाव्या हिश्श्याच्या दाबाची, आणि खिशातून बाटली काढली. बाटलीत काय? साबणाचं पाणी! प्रत्येक सांध्याला ते लावून तो बुडबुडे शोधत बसला.

साबण गळती दाखवायला असतो, झाकायला नव्हे, हे मला वयाच्या सत्तरीत कळलं.

पुण्याला आल्यावर हे सगळं मी हिला मोठ्या आवेशाने सांगितलं. ती स्वयंपाकघरात नवीन सिलिंडर लावत होती. रेग्युलेटर बसवला, वाटीतलं साबणाचं पाणी सांध्याला लावलं, बुडबुडा येतो का ते निरखून पाहिलं, आणि मग म्हणाली, "इतकी वर्षं दर सिलिंडरला मी हेच करतेय. तुम्हाला वाटलं काय, मी त्याला आंघोळ घालत होते?"