स्कॅन म्हणजे कुंडली नव्हे!

2021 च्या एप्रिल-मे मध्ये आपल्या जालन्यात तब्येतीआधी लोक एकच प्रश्न विचारायचे, "स्कोर किती आला?" फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी मार्क, टोटल 25. फरक एवढाच की इथे कमी मार्क मिळाले तर पेढे!

मग म्युकर आला. मे 2021 मध्ये त्याची नोंद सक्तीची झाली. बुरशी बहुतेकांच्या नाका-डोळ्यांत होती, पण काहींच्या फुफ्फुसातही शिरली. आणि तिथे हा 25 चा हिशोब चालत नाही. तो कोविडसाठी होता.

ही बुरशी रक्तवाहिनीत घुसते आणि रक्त अडवते. ॲस्परजिलस असेल तर सीटीत गाठीभोवती फिकट वलय दिसू शकतं. म्युकरमध्ये बऱ्याचदा उलटं, आत फिकट आणि कडेला गडद. फरक छोटा वाटतो ना? पण ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही, तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं. लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी हे वलयच डॉक्टरांना सावध करतं.

आता भविष्याचं बोलू. 2007 साली ॲस्परजिलसच्या दोनशेहून जास्त पेशंटचा अभ्यास छापून आला. वलय दिसत असताना औषध सुरू झालेल्यांपैकी 71 टक्के बारा आठवड्यांनी जिवंत होते, बाकीच्यांत 53 टक्के. म्हणजे वलय जीव वाचवतं? छे! ते सुरुवातीचे काही दिवसच दिसतं, मग विरतं. जीव वाचवते ती लवकर मिळालेली ट्रीटमेंट. गंमत म्हणजे औषध लागू पडत असतानाही पहिल्या आठवड्यात डाग मोठा होऊ शकतो. नुसता डाग मोजणारा म्हणेल, "केस गेली!"

म्हणूनच "सीटीवरून मृत्यूचा अंदाज" असले प्रोजेक्ट पाहिले की मला प्रश्न पडतो. डेटासेट परदेशातला, पेशंट बहुतेक ब्लड कॅन्सरचे. आपल्याकडे म्युकर झाला तो मुख्यतः डायबेटिसवाल्यांना. तिथली टक्केवारी इथे कशी चिकटवणार? आणि "वाचणार नाही" असा आकडा नातेवाइकांच्या हातात पडला, तर ते पेशंटला पुढे नेतील की घरी?

मला वाटतं, सॉफ्टवेअरने एवढंच सांगावं, "हे वलय संशयास्पद आहे, आजच संभाजीनगरला तज्ज्ञांना दाखवा." साठ किलोमीटर आणि एक दिवस, आपल्या पेशंटसाठी खरा प्रश्न हाच आहे.

सीटी स्कॅनर बनवणारा हाउन्सफिल्ड डॉक्टर नव्हता, आपल्यासारखा इंजिनीअर होता. 1979 चं नोबेल त्याला मिळालं ते आतलं दाखवल्याबद्दल, भविष्य सांगितल्याबद्दल नाही. फायनल इयरचा टॉपिक निवडताना एवढं लक्षात ठेवूया!