मांडव आपला, फुले कोणाची?

लग्नसराई आली की गावोगावी मांडवांची चढाओढ लागते. पूर्वी केळीचे खांब, आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा लावल्या की मांडव सजला. आता स्टेजमागे भिंतभर फुले, नवरा-नवरीच्या वाटेवर कमानी, हळदीला सगळे पिवळे, मेंदीला सगळे हिरवे, अशी रीत आली आहे. हौसेला मोल नसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण जरा जवळ जाऊन फुलाला बोट लावून बघा. त्यातली बरीचशी प्लॅस्टिकची निघतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हे घडावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आजही दिंडोरी तालुक्यात जानोरी, मोहाडी भागात पॉलीहाऊसमध्ये गुलाब पिकतो. पॉलीहाऊस म्हणजे लाखोंचे भांडवल आणि डोक्यावर बँकेचे कर्ज. जरबेरा एकदा लावला की दोन-तीन वर्षे फुलत राहतो. गिऱ्हाईक असो वा नसो, फूल तोडावेच लागते. दसरा-दिवाळीला सगळ्यांचा झेंडू एकदम बाजारात येतो आणि भाव पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. अशा शेतकऱ्याला लग्नसराईचा मोठा आधार. तोच आपण आपल्या हाताने काढून घेतो आहोत.

डेकोरेशनवाले म्हणतात, प्लॅस्टिकचे फूल कितीतरी मांडवांत वापरता येते, मे महिन्याच्या उन्हात सुकतही नाही. हे म्हणणे खोटे नाही. म्हणून सगळा मांडव गुलाबाने मढवा, असे मी सांगणार नाही. भिंतीला आंब्याची-अशोकाची पाने आणि झेंडू लावा. गुलाब, जरबेरा फक्त नवरा-नवरीच्या आसनाजवळ ठेवा. फुले पहाटे तोडून देठ लगेच पाण्यात ठेवले की दिवसभर टिकतात. खर्च आवाक्यात राहतो.

झेंडूची रोपे लावल्यावर साधारण दोन महिन्यांत फूल सुरू होते. घरात लग्नाची तारीख धरली की मागे मोजा आणि दोन-चार गुंठे लावून टाका. टोमॅटोत झेंडूच्या ओळी घेतल्या तर फळ पोखरणारी अळी तिकडे ओढली जाते, हा फायदा वेगळाच.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. १ जुलै २०२२ पासून देशात थर्माकोलची सजावट, प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, निमंत्रणपत्रिकेवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन यांवर बंदी आली. त्या यादीत प्लॅस्टिकची फुले नव्हती. फूल उत्पादकांना त्यासाठी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. पण गावाने कोर्टाची वाट कशाला बघायची? समाजमंदिर लग्नाला देताना खऱ्या फुलांचीच सजावट करावी, अशी अट ग्रामसभेत ठराव करून घालता येईल. लग्नानंतर खरी फुले खतखड्ड्यात जातात, सहा महिन्यांत शेताला खत मिळते. प्लॅस्टिकची फुले जुनी झाली की उकिरड्यावर पेटवतात आणि तो धूर आपलीच पोरे-बाळे घेतात.

सुपारी फुटते त्या बैठकीत मानपान, जेवण, वाजंत्री सगळे ठरते. त्याच बैठकीत मांडवाची फुले कोणाच्या शेतातून आणायची, तेही ठरवा आणि त्या शेतकऱ्याला आगाऊ सांगून भाव पक्का करा.